पाणी नेमकं कुठं मुरतं?

आज पाण्याविषयी बोलायचं आहे, पण दुष्काळाविषयी नाही. विहिरीला पाणी आहे, मोटर चालते, टाकीही भरते आणि तरी आपल्या आळीच्या नळाला तिसऱ्या दिवशी अर्धा तास करंगळीएवढी धार येते. टाकी आणि आपली घागर यांच्या मधलं पाणी जातं कुठं? आज बोलायचंय ते या मधल्या पाण्याविषयी.

हाच प्रश्न कंबोडिया देशाच्या राजधानीला, नॉम पेन्ह शहराला पडला होता. कंबोडिया म्हणजे थायलंडच्या पलीकडे, अंकोर वाटचं देऊळ आहे तो देश. तिथं 1975 ते 1979 या काळात फार वाईट राजवट होती. लाखो माणसं मेली, शहरं ओस पाडली गेली. पाणीपुरवठ्याची जाणती माणसंही त्यात गेली. 1993 साली त्या शहरात शुद्ध करून सोडलेल्या दर 100 लिटरमधल्या 72 लिटरचा हिशोबच लागत नव्हता. काही फुटक्या नळांतून जमिनीत जायचं, काही चोरून घेतलेल्या जोडण्यांतून. पाणी दिवसाचे दहा तास, तेही जेमतेम पाव शहराला. ज्यांच्याकडे नळ नाही ती गरीब माणसं फेरीवाल्यांकडून कितीतरी जास्त पैसे मोजून पाणी घ्यायची.

त्या वर्षी पाणीपुरवठ्याचा कारभार एक सोन चान या इंजिनिअरकडे आला. (त्यातलं ‘एक’ हे त्यांचं आडनाव बरं का, तिकडं आडनाव आधी लावतात.) त्यांनी प्रत्येक जोडणीला मीटर बसवायचं ठरवलं. चोरटी जोडणी दाखवून देणाऱ्याला बक्षीस ठेवलं. त्यात खात्याचीच माणसं सापडली, तेव्हा त्यांनाही घरी पाठवलं. एका बड्या लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मीटर बसवायला गेले, तर त्यानं पिस्तूल डोक्याला लावलं. तरी माघार घेतली नाही. गरिबांना मात्र जोडणीचे पैसे हप्त्यानं भरायची सोय दिली. कुणाला सवलत दिली, अगदीच गरीब असेल त्याला सगळेच पैसे माफ केले. 2006 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता खरा मुद्दा. हे सगळं एकट्या माणसाच्या धाडसावर झालं नाही. 1999 पासून जपानमधल्या किटाक्युशू शहराच्या पाणीपुरवठा खात्यातली माणसं तिथं येऊन राहिली. ती कुणी ठेकेदार नव्हती, काही विकायला आली नव्हती. आपल्या शहरात रोज तेच काम करणारी माणसं होती. शहरभरच्या नळांचे भाग पाडायचे, कोणत्या भागात किती पाणी शिरलं ते मोजायचं, जिथं जास्त मुरतं तिथं आधी खणायचं, हे त्यांनी हाताला हात लावून शिकवलं. मग बिनहिशोबी पाणी 72 वरून 6 लिटरच्या आसपास आलं आणि नळ चोवीस तास चालू झाले. पुढं नॉम पेन्हचीच माणसं आपल्या देशातल्या लहान शहरांत शिकवायला गेली. काल शिकणारे आज शिकवणारे! आपल्या उमेदच्या वर्धिनी परगावी जाऊन गट बांधतात, तसंच हे.

अशा भागीदाऱ्या जगभर व्हाव्यात म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेनं 2009 साली एक जाळं उभं केलं. पाणी आणि सांडपाणी, दोन्हींचं काम करणारे त्यात येतात. शिकवणाऱ्यानं नफा घ्यायचा नाही, हा त्यातला मुख्य नियम.

आमचं मत सांगायचं तर, साहेब तपासायला आला की आपण रजिस्टर पुढं करतो. आपल्यासारखीच दुसरी आली की अडचण पुढं करतो. फरक तिथं पडतो. पण नुसत्या शिकवण्यानं पाईप बदलत नाहीत. नॉम पेन्हला जपान, फ्रान्स, जागतिक बँक यांचा पैसाही मिळाला होता. आणि शाल-श्रीफळ, फोटो, जेवण असा अभ्यासदौरा असेल, तर तो न केलेलाच बरा.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या पाणी समितीतल्या बाया आमच्याकडं आल्या. त्यांचा पहिला प्रश्न: “रात्री व्हॉल्व्ह बंद असताना टाकीतलं पाणी उतरतं का?” आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघितलं. कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

रीत सोपी आहे. रात्री दहाला मोटर बंद, सगळे व्हॉल्व्ह बंद. पाणी सोडणाऱ्या दादांनी पातळी मोजून लिहायची, पहाटे पाचला पुन्हा मोजायची. टाकी चौकोनी, आतून 4 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद असेल, तर 10 सेंटिमीटर पाणी उतरलं म्हणजे 1600 लिटर गेलं. जलजीवनचा हिशोब माणशी रोज 55 लिटरचा, म्हणजे हे 29 माणसांचं पाणी झालं. व्हॉल्व्ह बंद असून पाणी उतरलं, तर टाकी गळते किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. दुसऱ्या रात्रीपासून एकेका आळीचा व्हॉल्व्ह उघडायचा, घरोघरी तोट्या बंद ठेवायला सांगायचं आणि पुन्हा मोजायचं. कोणत्या लाईनीला गळती आहे ते कळतं. नळाला तोटीच नसेल, तर आधी तोटी बसवा.

आमच्याकडं एक व्हॉल्व्ह झिजलेला निघाला, तो बदलला. वरच्या आळीच्या लाईनीला दोन घरांनी थेट मोटर लावलेली निघाली. त्यातलं एक घर आमच्याच गटातलं. खरं सांगतो, दोन बैठका आम्ही त्यावर गप्प बसलो. शेजारच्या गावच्या बायांनीच मग विचारलं, “आमच्याकडं तर समितीतल्याच बाईच्या घरी मोटर निघाली होती, तुमच्याकडं कुणाची?” तेव्हा कुठं तोंड उघडलं. तिनं मोटर काढली, पण महिनाभर बैठकीला आली नाही. आता येते. आमच्यातल्या निम्म्या जणींची पाणीपट्टी थकलेली होती, तेही त्याच बैठकीत निघालं. खालच्या आळीला आता बरी धार येते. टेकावरच्या वस्तीला अजून येत नाही. तिथं पाईपच बारीक आहे, त्यासाठी ग्रामसभेत ठराव दिलाय.

पाणी समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तुमच्या गावच्या समितीत कोण कोण आहे ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या. येत्या मंगळवारी आम्ही ओढ्यापलीकडच्या गावात निघालोय. सोबत मोजायची टेप, विजेरी आणि आमची वही घेणार आहोत. कोणत्या रात्री किती सेंटिमीटर उतरलं ते सगळं त्या वहीत आहे, गप्प बसलेल्या दोन बैठकाही आहेत.