फोर-व्हील ड्राइव्ह घेताय? आधी टेप काढा!

हौसेला मोल नसतं म्हणतात. पण हप्त्याला असतं! घरात नव्या गाडीचा विषय निघाला, आणि तीही साधीसुधी नव्हे, तर चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह, की चर्चा पुरुषमंडळींच्या हाती जाते. ‘आपल्याला त्यातलं काय कळतं?’ असं म्हणून तुम्ही चहा टाकायला उठू नका, मैत्रिणींनो. हप्ता घरखर्चातूनच जाणार आहे, मुलांना घेऊन मागे तुम्हीच बसणार आहात, आणि अंधेरीच्या गर्दीत ती चालवायचीही कदाचित तुम्हालाच आहे.

या हौसेचं आपल्या उपनगरांशी जुनं नातं आहे. महिंद्रांच्या जीपगाड्या वर्षानुवर्षं आपल्या कांदिवलीच्या कारखान्यात तयार होत. १९८५ च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली, आणि लहान, हलकी, तरीही डोंगर चढणारी गाडी लोकांनी पाहिली. आज नव्या गाड्यांत हौस भागवणारी, त्यातल्या त्यात लहान अशी दोन नावं पुढे येतात: २०२३ साली आलेली मारुतीची पाच दारांची जिम्नी आणि २०२० पासूनच्या रूपातली महिंद्रांची तीन दारांची थार. फोर-व्हील ड्राइव्हच्या रूपात दोन्ही दहा लाखांच्या वरच. त्यावर आरटीओचा कर आणि विमा वेगळा.

तेव्हा पहिलं काम, भिंतीवरचं कॅलेंडर काढा. शाळा, बाजार, ऑफिस, डोंबिवलीची मावशी हे सगळं डांबरावर नाहीतर काँक्रीटवर. घाटातला डांबरी रस्ताही साधी गाडी मुकाट्याने चढते. चारही चाकांची ताकद खरी लागते ती गणपतीला गावी गेल्यावर, वाडीत उतरणाऱ्या लाल चिखलाच्या वाटेवर, ओढ्याकाठच्या गोट्यांवर, शेताच्या बांधावर. असे दिवस वर्षातून किती, ते मोजा. गावी घर आणि कलमं असतील, दर महिन्याला जाणं असेल, तर ही गाडी चैन नव्हे, सोय आहे. दोन-चार दिवसांचाच प्रश्न असेल, तर जमिनीपासून जरा उंच असलेली साधी गाडी पुरते. उरलेले पैसे मुलांच्या शिक्षणाला!

दुसरं, माणसं मोजा. जिम्नी आणि तीन दारांची थार, दोन्हीत चौघांचीच सोय आहे. तुम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई म्हटलं की झाले पाच. शिवाय तीन दारांच्या थारमध्ये मागे जायचं तर पुढची सीट वाकवून शिरावं लागतं. नऊवारी-पाचवारी नेसून, दुखऱ्या गुडघ्यांनी ते जमेल का? शोरूममध्ये सासूबाईंना न्या आणि चढून-उतरून पाहू द्या. तिथे जमलं नाही, तर गावच्या वाटेवर कसं जमणार? जिम्नीला मागे दारं आहेत, पण मागच्या सीटवर माणसं बसली की सामानाला जागा फक्त २०८ लिटर. गणपतीचं सामान, नारळाची गोणी आणि परतीचे फणस डोळ्यांपुढे आणा म्हणजे कळेल! पाच जणांसाठी २०२४ साली पाच दारांची थार रॉक्स आली, पण तिची लांबी ४४२८ मिलिमीटर. ती काही लहान गाडी नव्हे.

आता टेप. जिम्नी आणि तीन दारांची थार दोघींचीही लांबी नेमकी ३९८५ मिलिमीटर. फरक रुंदीत आहे: जिम्नी १६४५, थार १८२०. हा पावणेदोनशे मिलिमीटरचा, म्हणजे वीतभराला थोडा कमी असा फरक, घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या सोसायटीत दोन खांबांच्या मधे गाडी लावून दार उघडताना जाणवतो. आणि पुनर्विकास होऊन यंत्राचं पार्किंग आलं असेल, तर उंचीही मोजा. जिम्नी १७२० मिलिमीटर उंच आहे आणि थार त्याहूनही उंच. कमी उंचीच्या गाड्यांसाठी बसवलेल्या मजल्यावर त्या मावत नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून उंची आणि वजनाची मर्यादा लेखी घ्या, मगच बुकिंगचा चेक लिहा.

शोरूममध्ये एक प्रश्न स्पष्ट विचारा: ‘ही फोर-व्हील ड्राइव्हच आहे ना?’ कारण थार दिसली की ती चारही चाकं ओढणारीच, असं नाही. २०२३ पासून फक्त मागची चाकं ओढणारी स्वस्त थारही मिळते. रूप तेच, काम वेगळं.

गाडी घेतलीच, तर तिचा दांडा समजून घ्या. शहरात ‘टू-एच’ म्हणजे दोनच चाकं. चिखल-वाळूत ‘फोर-एच’. खडी चढण-उतार असेल तर ‘फोर-एल’, म्हणजे हळू पण जोरकस. कोरड्या डांबरावर मात्र चार चाकं जोडून ठेवू नका. मळणीच्या खळ्यावर बाहेरचा बैल जास्त चालतो, तशी वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरून ती तफावत भरून काढतं. कोरड्या रस्त्यावर घसरायला वाव नसतो आणि सगळा ताण आतल्या दात्यांवर येतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं. फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे होडी नव्हे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि बुडलेल्या गाड्यांत अडकून माणसं दगावली. पाणी इंजिनात शिरलं की चाकं चार ओढोत की दोन, गाडी बंदच पडते. मग पुन्हा चावी फिरवली तर इंजिनाचं नुकसान वाढतं. अंधेरीच्या सबवेत पाणी दिसलं, तर ‘आपली गाडी जाईल’ असं म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. ओल्या हायवेवर ब्रेक लागायलाही या गाडीचा काही जास्त उपयोग नाही, कारण थांबताना प्रत्येक गाडीची चारही चाकं काम करतातच. ताकद पुढे जायला मिळते, थांबायला नाही.

तेव्हा कॅलेंडर, माणसं आणि टेप या तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, तर खुशाल घ्या, आणि पहिल्याच आठवड्यात मोकळ्या मैदानावर तो दांडा स्वतः टाकायला शिका. गावच्या चिखलात गाडी रुतेल तेव्हा स्टिअरिंगवर नेमकं कोण असेल, ते सांगता येत नाही!