२०२० ची पहिली

१६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्राच्या दहावीचा निकाल लागला. उत्तीर्णांचं प्रमाण ९९.९५ टक्के. परीक्षा झालीच नव्हती. नववीचे गुण, दहावीचं अंतर्गत मूल्यमापन आणि तोंडी-प्रात्यक्षिक यांची जुळणी करून शाळांनी गुण पाठवले, मंडळाने निकाल लावला आणि निकाल बघायला सगळे एकदम तुटून पडल्यावर संकेतस्थळाने मान टाकली. परीक्षा रद्द करावी की नाही, यावरून प्रकरण आधीच उच्च न्यायालयात जाऊन आलं होतं. मग अकरावी प्रवेशाच्या सीईटीवरून ते पुन्हा तिथे गेलं आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती सीईटीच रद्दबातल ठरवली. त्या दोन-तीन महिन्यांत मराठी वर्तमानपत्रांत शिक्षणाची बातमी म्हणजे दहावीची बातमी, असंच समीकरण होतं.

इंग्लंडात वर्षभर आधी याहून मोठा तमाशा झाला होता. तिथे बारावीच्या तोडीच्या ‘ए लेव्हल’ परीक्षा रद्द झाल्या आणि शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी एका अल्गोरिदममधून चाळून घेतल्या गेल्या. शाळेचे मागचे निकाल कसे होते, हे त्यात धरलेलं होतं. म्हणजे गरीब वस्तीतल्या शाळेतली हुशार मुलगी तिच्या आधी तिथे शिकून गेलेल्यांमुळे खाली ओढली जाणार. १३ ऑगस्ट २०२० ला निकाल लागला तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के खाली आलेल्या होत्या. मुलं फलक घेऊन लंडनच्या रस्त्यावर उतरली आणि चारच दिवसांत सरकारने सपशेल माघार घेतली.

दोन्हीकडचा गोंधळ खरा होता, अन्यायही खरा होता. पण ज्यांची परीक्षा होती त्यांच्यासाठी भांडायला वकील होते, पालक होते, वाहिन्या होत्या. खुद्द मुलांनाही घोषणा देता येत होत्या. जून २०२० मध्ये ज्यांचं नाव पहिलीत घातलं गेलं, त्यांना ना परीक्षा होती ना आवाज. मला वाटतं, महामारीने शाळांचं काय केलं याचा हिशेब मांडायचा असेल तर तो या मुलांपासून मांडायला हवा.

महाराष्ट्रातल्या या तुकडीचा प्रवास बघा. मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद झाल्या, तेव्हा ही मुलं बालवाडीत किंवा अंगणवाडीत होती. जूनमध्ये पहिलीत गेली, पण कागदावर. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे वर्ग सुरू झाले, जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवीचे. पहिली ते चौथीसाठी फाटक उघडलंच नाही. एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या सगळ्यांना वरच्या वर्गात ढकललं गेलं. मग डेल्टाची भीषण लाट आली. शेवटी १ डिसेंबर २०२१ पासून प्राथमिकचे वर्ग उघडायला सुरुवात झाली, आणि महिना-सव्वा महिन्यात ओमिक्रॉनमुळे बहुतेक ठिकाणी पुन्हा कुलूप लागलं. पूर्ण वर्षभर शाळेत नीट, सलग बसायला मिळालं ते जून २०२२ पासून. तोवर ती तिसरीत पोहोचली होती. मधल्या काळात काय काय उघडलं त्याची यादी देत नाही. राज्यातले बार ५ ऑक्टोबर २०२० लाच सुरू झाले होते, एवढं एकच नोंदवतो.

बंदीचा पहिला निर्णय चुकीचा होता, असं मी म्हणणार नाही. विषाणू नवा होता, घरांत आजी-आजोबा होते, एकेका वर्गात पन्नास-साठ मुलं दाटीवाटीने बसत होती. शिवाय शिक्षकच वर्गात उरले नव्हते. ते नाक्यांवर आणि घरोघरच्या सर्वेक्षणावर नेमले गेले होते. एप्रिल २०२० मध्ये जगभरच्या १९० हून अधिक देशांत सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी होते. प्रश्न दार बंद करण्याचा नव्हताच. ते उघडताना आधी कोणाला आत घ्यायचं, हा होता.

डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० ला शाळा उघडल्या, म्हणजे बंद केल्यापासून साधारण महिन्याभराने, आणि आत घेतलं ते आधी लहानग्यांना, पाचवीपर्यंतच्या मुलांना. नॉर्वेनेही बालवाड्या आणि पहिली ते चौथी यांनाच पहिला मान दिला. लहान मुलांना आजाराचा धोका कमी, ती एकटी घरी राहू शकत नाहीत, आणि पडद्यासमोर बसून शिकणं त्यांच्या वयाचं कामच नव्हे, असा तो सरळ विचार होता. इंग्लंडनेही १ जूनला अगदी खालचे दोन वर्ग आणि प्राथमिकचा शेवटचा वर्ग आधी बोलावले. याउलट केनिया आणि युगांडा या देशांनी ऑक्टोबर २०२० मध्ये शाळा उघडायला घेतल्या, त्या मुख्यतः परीक्षा देणाऱ्या वर्गांसाठी. आपणही त्याच वाटेने गेलो. युगांडात तर सगळ्या वर्गांसाठी शाळा सुरू व्हायला १० जानेवारी २०२२ उजाडावा लागला. जवळजवळ दोन वर्षं. जगात इतकी लांबलेली बंदी दुसरीकडे क्वचितच असेल.

परीक्षेचा वर्ग महत्त्वाचा आणि पहिलीचा वर्ग म्हणजे गाणी-गोष्टी, ही समजूत आपल्यात फार खोल रुजलेली आहे. वास्तविक दहावीचं पोर पुस्तक हातात घेऊन एकटं बसू शकतं. पहिलीच्या मुलाला पुस्तक उघडून उपयोग नाही, कारण ते उघडता येण्यासाठीच तर तो शाळेत जाणार असतो. बाई त्याच्या मागे उभ्या राहतात, त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवतात आणि ‘क’ गिरवून घेतात. ‘कि’ला वेलांटी आधी येते पण उच्चार नंतर, हा घोळ त्याच्या डोक्यातून काढायला आठवडे लागतात. तो चुकतो कुठे, हे त्याच्या ओठांकडे बघून कळतं. मोबाइलच्या पडद्यावर यातलं काय होणार? खेड्यात तर एकच स्मार्टफोन, तोही बापाच्या खिशात. बाप संध्याकाळी घरी आला की शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी आलेला गृहपाठ दिसायचा. मोठी बहीण तो लिहून द्यायची, वहीचा फोटो जायचा, बाईंचा अंगठा यायचा. हजेरी लागली.

शिक्षण खात्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही मोहीम काढली. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही बालभारतीच्या पाठांवरची चांगली मालिका जुलै २०२० मध्ये सुरू झाली. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. हे प्रयत्न मनापासूनचे होते. तरी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्यं व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली, तिच्यात ग्रामीण भागातली फक्त ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकताना आढळली. ३७ टक्के काहीच शिकत नव्हती. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ या पाहणीच्या मंडळींत होते.

साधनं नव्हती म्हणून हे झालं, असं कोणी म्हणेल. मग नेदरलँड्सचं उदाहरण घ्या. घरोघर वेगवान इंटरनेट, शाळा फक्त आठ आठवडे बंद, शिवाय बंदीच्या आधी आणि नंतर घेतलेल्या राष्ट्रीय चाचण्यांचे आकडे हाताशी. त्यावर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की मुलांचं नुकसान सुमारे एक पंचमांश शालेय वर्षाइतकं होतं. आठ आठवडे म्हणजेही साधारण तेवढेच. थोडक्यात, घरी बसून मुलं जवळजवळ काहीच शिकली नव्हती. ज्यांचे आईवडील कमी शिकलेले, त्यांचं नुकसान तर ६० टक्क्यांपर्यंत जास्त.

दूरस्थ शिक्षणाची ही मर्यादा काही २०२० मध्ये नव्याने कळलेली नाही. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये पोलिओच्या साथीमुळे शिकागोच्या शाळा उघडायच्या लांबल्या, तेव्हा तिथल्या शिक्षण मंडळाने रेडिओवरून धडे दिले. वेळापत्रक वर्तमानपत्रांत छापून यायचं. तीन लाखांहून अधिक मुलांसाठी केलेली ती सोय होती तिसरी ते आठवीसाठी. पहिली-दुसरीला रेडिओवरून शिकवता येणार नाही, हे तेव्हाच्या मास्तरांना न सांगता कळलं होतं.

महामारीतला मला सर्वांत शिकण्यासारखा वाटलेला प्रयोग बोट्स्वानातला आहे. तिथे संशोधकांनी साधे, बटणांचे फोन वापरले. काही घरांना दर आठवड्याला गणिताची उदाहरणं एसएमएसने पाठवली. काही घरांना एसएमएस आणि त्याच्या जोडीला शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन: उदाहरण सोडवलंस का, कुठे अडलं, चल आपण करून बघू. नुसत्या एसएमएसने फारसं काही हाती लागलं नाही. फोन आलेल्या मुलांची गणितातली प्रगती स्पष्ट दिसली. ना टॅबलेट, ना ॲप. एका माणसाने दुसऱ्या माणसाला नाव घेऊन विचारलं, एवढंच. आपल्याकडे पुष्कळ शिक्षकांनी हे आपणहून केलंही. परंतु त्यासाठी आदेश निघत नसतो, आणि आदेशाविना केलेल्या कामाची नोंद होत नसते.

बाकीच्या हानीबद्दल बरंच लिहून झालं आहे, म्हणून धावती नोंद करतो. मुलींची लग्नं लवकर लागली. या दशकात जगभर आणखी एक कोटी बालविवाहांचा धोका आहे, असा युनिसेफचा २०२१ चा अंदाज. दुपारचा शिजवलेला पोषण आहार थांबून कोरडा शिधा आला. चीनच्या शानतुंग प्रांतात दृष्टी तपासली तेव्हा सहा वर्षांच्या मुलांत ऱ्हस्वदृष्टीचं प्रमाण २१.५ टक्के निघालं. आधीच्या पाच वर्षांत ते कधीही ५.७ टक्क्यांच्या वर गेलं नव्हतं. इथेही सर्वांत मोठी उडी सहा वर्षांच्यांचीच.

आता आपल्या तुकडीकडे येऊ. ‘असर’ ही ग्रामीण भारतातली पाहणी शाळेत नव्हे, घरी जाऊन होते. स्वयंसेवक अंगणात मुलाशेजारी बसतो आणि एक कागद पुढे करतो. त्यावर सुटी अक्षरं, सोपे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट असते. मूल जिथपर्यंत जाईल तिथे खूण. २०२२ च्या पाहणीत जी मुलं तिसरीत होती, ती नेमकी २०२० ची पहिली. त्यांपैकी ती गोष्ट वाचता आली २०.५ टक्क्यांना, २०१८ मधल्या तिसरीत हे प्रमाण २७.३ टक्के होतं. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, हीच तुकडी पाचवीत भेटते. दुसरीची तीच गोष्ट आता ४८.८ टक्के मुलं वाचतात. २०१८ च्या पाचवीत ५०.५ टक्के वाचत होती.

म्हणजे खड्डा बराचसा भरला. पायाभूत साक्षरतेवर गेल्या काही वर्षांत दिलेला जोर आणि शिक्षकांची मेहनत यांचं ते श्रेय आहे, आणि ते द्यायलाच हवं. २०२४ च्या तिसरीने तर सरकारी शाळांत २०१८ लाही मागे टाकलं: तेव्हा २०.९ टक्के, आता २३.४. मात्र भरून काढलेल्या खड्ड्याची आधीची पातळी कोणती होती, हे विसरून चालणार नाही. पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, ही आपली ‘पूर्वपदावर आलेली’ परिस्थिती. त्यात २०२० ची तुकडी थोडी मागेच आहे. पाचवीत आलेल्याला वेलांटीपासून शिकवायला वेळापत्रकात तासिका नाही. इतिहासाचं पुस्तक समोर आहे, आणि वाचता येत नाही ही गोष्ट ते मूल लपवायला शिकलेलं आहे. २०२१ च्या जुलैत खात्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला, तोही शाळा बंद असताना. दीड वर्षाच्या दरीवर दीड महिन्याचा सेतू!

माझ्या मते आपली सर्वांत मोठी चूक बंदीची नव्हती. शाळा उघडल्यानंतर मुलं जिथे होती तिथून शिकवायला सुरुवात करायची, की पुस्तक जिथे असायला हवं होतं तिथून, यात आपण बहुतेक ठिकाणी पुस्तक निवडलं.

ही तुकडी न अडखळता पुढे जात राहिली तर मार्च २०३० मध्ये दहावीला बसेल. तेव्हा निकाल घसरला, तर शिक्षक, मोबाइल आणि हल्लीची मुलं यांना दोष देणारे लेख नक्की येतील. त्याआधी हातात काही वर्षं आहेत. तुमच्या घरात, सोसायटीच्या वॉचमनकडे किंवा कामाला येणाऱ्या ताईंकडे या वयाचं मूल असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत त्याला शेजारी बसवून एक पान मोठ्याने वाचायला सांगा. अडखळलं तर रागावू नका. रोज अर्धा तास द्या.