दुःखातून खोल गेलेला विश्वास: पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचं आयुष्य वाचताना मला दरवेळी भरून येतं.

१८७० च्या दशकातला दुष्काळ. जंगलात झाडपाला खाऊन दिवस काढलेलं त्यांचं कुटुंब. आई, वडील, बहीण गेली. मग भाऊ गेला. १८८२ मध्ये पतीही कॉलऱ्याने गेले. कडेवर लहानगी लेक मनोरमा, रमाबाईंचं वय अवघं तेवीस.

१८८३ मध्ये इंग्लंडला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढे त्यांनीच प्रांजळपणे लिहिलं, की धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः भेटायचा होता. ती भेट काही वर्षांनी झाली आणि त्यांचं काम बदलून गेलं.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो उपाशी मुली-बायांना केडगावला आणलं. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती! तिथल्याच छापखान्यात बायका खिळे जुळवायला शिकल्या. हिब्रू-ग्रीकवरून रमाबाईंनी केलेलं बायबलचं सोपं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाई काम करत राहिल्या, ५ एप्रिल १९२२ पर्यंत.

विश्वासाने त्यांचं दुःख टळलं नाही. त्या दुःखातूनच तो खोल रुजला. केडगावला त्यांनी उभारलेलं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.