बांधावरचा तपकिरी ‘पतंग’ पतंग नाहीच!

वडगाव रासाईला भीमेकाठच्या उसाच्या बांधावर एकदांडीच्या फुलांपाशी दहा मिनिटं बसा. काहीतरी मातकट सुर्रकन येतं, टेकतं, दिसेनासं होतं. हा पतंग नव्हे, हे स्किपर कुळातलं फुलपाखरू, राईस स्विफ्ट, बोर्बो सिनारा. १८६६ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते साक्षात आल्फ्रेड रसेल वॉलेसने!

पंख पसरले तर जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर. अंग जाडजूड, डोळे टपोरे, तपकिरी पंखांवर पांढरे पारदर्शक ठिपके. मिशांची टोकं आकड्यासारखी वळलेली, ही स्किपरची खूण. ऊन खाताना मागचे पंख आडवे, पुढचे अर्धवट उभे. पार कागदी विमान!

अळी भात आणि गवतं खाते. पान रेशमी धाग्याने दुमडून आत राहते. स्किपरच्या अनेक अळ्या विष्ठा घरापासून लांब उडवतात. अमेरिकेतल्या एका जातीवरच्या प्रयोगांत कारण सापडलं: विष्ठेच्या वासावर गांधीलमाश्या अळीपर्यंत पोचतात.

जगात स्किपरच्या चार हजारांच्या आसपास जाती, निम्म्याहून जास्त अमेरिका खंडांच्या उष्ण पट्ट्यात. अँडीजच्या ढगाळ जंगलांत डल्ला नावाची अख्खी प्रजातच आहे. तिकडे कधी जाणं होईल तेव्हा होईल, आपला बांध बरा.

फक्त ओळख पटवताना घाई नको. याच कुळातलं पेलोपिडास मथायस अगदी राईस स्विफ्टसारखंच दिसतं. त्याच्या नराच्या पुढच्या पंखावर वरून एक तिरकी रेघ असते, बोर्बोला नसते. मी स्वतः कितीदा फसलोय! म्हणून फोटो काढाल तर पंखांच्या दोन्ही बाजूंचा काढा.