बिर्याणी झाली, आता पुढे? : दिलसुखनगरहून एक खाद्यफेरी

गेल्या वर्षी दिवाळीनंतर पुण्याहून माझा भाचा तीन दिवसांसाठी आमच्याकडे आला. नोकरी लागल्यावरची त्याची ही पहिलीच सुट्टी. बॅग खाली ठेवायच्या आधीच त्याने फोन पुढे केला. "मावशी, ही यादी. एवढं झालं की हैदराबाद झालं." यादीत पाच हॉटेलं होती आणि पाचही बिर्याणीची!

सासूबाई शेजारी बसून मेथी निवडत होत्या. त्या शुद्ध शाकाहारी. त्यांनी विचारलं, "बाळा, मी या गावात साठ वर्षं काढली ती काय उपाशी?"

त्या एका वाक्यावर आमचे तीन दिवस ठरले. बिर्याणी एकदाच खायची आणि बाकीच्या वेळी हे शहर ज्यांनी घडवलं त्यांच्याकडे जेवायचं, असा बेत झाला. तुमच्याकडेही पाहुणे येतात आणि तुमच्यापैकी बरेच जण इथेच वाढूनही ॲपवरून तेच ते मागवतात, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात आपल्या दारातून

दिलसुखनगरच्या मुख्य रस्त्याला आपण विजयवाडा रोड म्हणतो. पण हाच राष्ट्रीय महामार्ग ६५ पुण्याहून निघतो, सोलापूरवरून हैदराबादेत येतो आणि पुढे मछलीपट्टणमला समुद्राला भिडतो. भाच्याला हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. हडपसरला ज्या रस्त्यावर तो रोज ट्रॅफिकमध्ये अडकतो, तोच मावशीच्या घरापाशी येतो!

या रस्त्याने माणसं आली. नलगोंडा, खम्मम, कृष्णा-गुंटूरकडून शिकायला आलेली मुलं इथल्या क्लासांत आणि हॉस्टेलांत भरली. त्यांच्यासाठी मेस निघाल्या, करी पॉइंट निघाले (भात घरी लावायचा, पप्पू-सांबार-भाजी पिशवीत बांधून आणायची) आणि सकाळ-संध्याकाळच्या टिफिनच्या बंड्या लागल्या. इथे 'टिफिन' म्हणजे डबा नव्हे, नाश्ता. आणि 'बंडी' म्हणजे गाडी, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको.

सकाळी बंडीवर पेसरट्टू खा. हा हिरव्या मुगाचा डोसा, पोटात उपमा भरलेला. त्याला 'एमएलए पेसरट्टू' म्हणतात, आमदार निवासाच्या कँटीनवरून हे नाव पडलं असं सांगतात. दुपारी एखाद्या आंध्र मेसमध्ये केळीच्या पानावरचं 'मील्स' घ्या. पहिला घास गरम भात, पोडी आणि तुपाचा. मग पप्पू, मग गोंगुरा पच्चडी. भाच्याने गोंगुरा चाखला आणि थबकला. "मावशी, ही तर अंबाडी!" अंबाडीच ती. तेलंगणात हिलाच पुंटिकूरा म्हणतात.

असे चुलत भाऊ इथे बरेच भेटतात. तेलंगणाची सर्वपिंडी म्हणजे तांदळाच्या पिठात शेंगदाणे, तीळ, हरभऱ्याची डाळ घालून भांड्यात थापलेलं, बोटांनी भोकं पाडलेलं थालीपीठ. भक्षालू किंवा बोब्बट्लू म्हणजे आपली पुरणपोळी. संक्रांतीचे सकिनालू चकलीच्या नात्यातले, फक्त तांदळाचे, तीळ-ओवा घातलेले आणि हाताने वळलेले. पच्ची पुलुसू हे चिंचेचं न उकळलेलं सार. उन्हाळ्यात भातावर घेऊन बघा.

संध्याकाळी कोत्तपेट-सरूरनगरच्या बाजूला रस्त्याच्या कडेला बायका चुलीवर ज्वारीची भाकरी थापताना दिसतात. 'जोन्न रोट्टे.' आम्ही ज्यांच्याकडून घेतो त्या बाईंना भाच्याने तोडक्या हिंदीत भाव विचारला. आम्हा दोघांचं बोलणं ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मराठी बोला की दादा, माझं माहेर देगलूरचं." दोन भाकऱ्या जास्तीच्या बांधून दिल्या. पैसे मात्र चोख घेतले, हेही बरंच झालं.

ती गुरुवारची संध्याकाळ

दिलसुखनगरच्या खाण्याबद्दल लिहायचं आणि २१ फेब्रुवारी २०१३ टाळायचं, हे मला जमणार नाही. गुरुवार होता. साईबाबा मंदिराला गर्दी होती, बस स्टॉपवर मुलं, टिफिनच्या आणि मिरची भज्यांच्या दुकानांपाशी नेहमीची झुंबड. सातच्या सुमाराला लागोपाठ दोन स्फोट झाले. गेलेल्यांत शिकायला आलेली मुलं होती. त्याआधी २५ ऑगस्ट २००७ ला कोठीचं गोकुळ चाट असंच हादरलं होतं. दोन्ही वेळा माणसं काहीतरी खायला उभी होती.

आमच्या घरातलं कुणी त्यात नव्हतं. पण पुढे कित्येक महिने सासूबाईंनी मुलांना बंडीवर उभं राहू दिलं नाही. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. एके दिवशी क्लासवरून येताना ती मिरची बज्जीची पुडी घेऊन आली. "आजी, ती माणसं रोज तिथे उभी आहेत. आपणच जायचं नाही का?" सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुडीतली एक मिरची त्यांनी उचलली. त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही.

गोकुळ चाटही पुन्हा सुरू झालं आणि आजही तिथे गर्दी असते. अनोळखी माणसाच्या हातचं, अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून खाणं, यात केवढा विश्वास असतो ते आम्हाला त्या वर्षी कळलं.

मेट्रोने कोठी आणि नामपल्ली

अमीरपेट ते एल. बी. नगर ही मेट्रो २४ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली आणि दिलसुखनगरकरांचं पोट मोठं झालं! लाल मार्गावर उस्मानिया मेडिकल कॉलेज स्टेशनला उतरलं की कोठी.

कोठी, सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा हा हैदराबादच्या मराठी माणसाचा जुना मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पण तोवर तो याच राज्याचा भाग होता. परभणी-नांदेडहून कोर्टकचेरीला, शिक्षणाला, नोकरीला माणसं इथेच येत. आमच्या आजेसासऱ्यांचं बिऱ्हाडही तसंच आलं. विवेकवर्धिनी आणि मराठी ग्रंथ संग्रहालय या संस्था याच परिसरात उभ्या राहिल्या. गोकुळची चाट खा, बडी चावडीत भाजी घ्या आणि तासभर ग्रंथ संग्रहालयात डोकावा.

पुढचं स्टेशन गांधी भवन. इथून मोअज्जमजाही मार्केट जवळ. ही दगडी वास्तू १९३५ ची, निजामाच्या धाकट्या मुलाच्या नावाची. २०२० मध्ये ती नव्याने उजळली. आवारात जुनी आइस्क्रीमची दुकानं आहेत. सीताफळ किंवा आंब्याच्या हंगामात जा, हाताने घुसळलेलं फळाचं आइस्क्रीम मिळतं. समोर कराची बेकरी. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेल्या खानचंद रामनानी यांनी ती १९५३ मध्ये सुरू केली. तिची फ्रूट बिस्किटं आपण सगळेच गावी नेतो. पुढच्या वेळी डबा देताना एवढी गोष्टही सोबत द्या.

याच भागात पहाटे 'राम की बंडी' लागते. लोणी माखलेला डोसा खायला आख्खं शहर अंधारात उठून येतं. मेट्रो तेव्हा नसते, गाडी काढा.

चारमिनार : चहा, नान आणि उस्मानिया

महात्मा गांधी बस स्टेशनला उतरून रिक्षाने चारमिनार. १५९१ चा तो चारमिनार डोळ्यासमोर ठेवून निमरा कॅफेत उभ्याने इराणी चहा प्यायचा. चहाचा अर्क झाकणबंद भांड्यात तासन्‌तास मुरतो, दूध वेगळ्या भांड्यात आटतं आणि दोन्हींची गाठ कपातच पडते. सोबत उस्मानिया बिस्किट, किंचित खारट, किंचित गोड. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून ते ओळखलं जातं.

इराणातून, विशेषतः यज्दकडून आलेल्या लोकांनी मुंबई-पुण्यात कॅफे काढले, तसेच इथेही. कोपऱ्याकोपऱ्यावरची ती हॉटेलं आता भराभर बंद होताहेत. जागेच्या भाड्यापुढे एका चहावर दोन तास बसणारं गिऱ्हाईक परवडत नाही. म्हणून जी उरलीत तिथे जाऊन बसा. सासूबाईंनाही मी घेऊन जाते. त्यांचं म्हणणं, "चहाला कुठली आली जात? बिस्किटात अंडं नाही ना, तेवढं विचार."

सामिष खाणाऱ्यांनी पुरानी हवेलीकडे वळावं. तिथल्या मुन्शी नानचे चौकोनी 'चार कोनी' नान एकोणिसाव्या शतकापासून ओळखले जातात. सकाळी निहारी-पाया, दुपारी खिम्याची चौकोनी लुखमी. छत्रपती संभाजीनगरचं नान-खलिया ज्यांनी खाल्लंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. शाकाहारी मंडळींनी बगारा बैंगन, मिर्ची का सालन आणि शेवटी जर्दाळूचा खुबानी का मीठा मागवावा. शेंगदाणा, तीळ, खोबरं आणि चिंच हे त्या सालनाचं वाटण आपल्या भरल्या वांग्याच्या जवळचं.

बारकस : अरबस्तान आणि मराठवाडा

तिसऱ्या दिवशी चंद्रायणगुट्ट्याजवळच्या बारकसला गेलो. 'बॅरक्स'चं झालं बारकस. येमेनच्या हदरमौत भागातून आलेले अरब शिपाई निजामाच्या फौजेत होते, त्यांची ही वस्ती. पुरुष अजून लुंगी नेसून निवांत बसलेले दिसतात. हंगामात बारकसचे पेरू घ्यायला विसरू नका.

इथे सकाळी हरीस मिळतो. गहू आणि मांस एकजीव होईपर्यंत घोटलेलं, गोड आणि खारं अशा दोन चवींत. हैदराबादच्या हलीमचा हा पूर्वज. इथे मसाले पडले, तूप पडलं आणि २०१० मध्ये हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन मिळालं. आता जिकडेतिकडे दिसणारी मंडी, म्हणजे एका मोठ्या थाळीत चौघांनी मिळून खायचा भात आणि मांस, तीही याच वाटेने आली.

शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी आम्ही कुठले ते विचारलं. परभणी म्हटल्यावर म्हणाले, "उदर तो हमारे चाऊस लोगां बहुत हैं." खरंच! मराठवाड्यात शाळेत ज्यांच्या वर्गात चाऊस आडनावाची मुलं होती, त्यांच्या पूर्वजांची वाटही याच फौजेतून गेली.

भाचा परतताना म्हणाला, "इथले लोक हिंदी बोलताना मधेच मराठी का बोलतात?" त्याने दिवसभरात 'नक्को' किती वेळा ऐकलं होतं! दखनीतला 'नक्को' हा आपला 'नको'. 'उनेच बोल्या' मधला 'च' सुद्धा आपलाच. शेकडो वर्षं शेजारी राहिल्यावर शब्द काय आणि चव काय, देवाणघेवाण होतेच.

जाताना लक्षात ठेवा

• जुन्या शहरात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा जा. निहारी आणि हरीस सकाळी संपतात.

• हलीमचा खरा हंगाम रमजान. इफ्तारनंतर गर्दी फार, ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर आठवड्याच्या मधला दिवस निवडा.

• शाकाहारी असाल तर 'अंडं नाही ना, तेल-कढई वेगळी ना' हे स्पष्ट विचारा. इथे विचारलेलं कुणाला लागत नाही.

• आंध्र मेसमध्ये तिखट बेताने वाढायला सांगा आणि शेवटी पेरुगन्नम, म्हणजे दही-भात, सोडू नका.

• एका दिवसात दोनच ठिकाणं. तिसरं पोटावर अन्याय.

निघायच्या रात्री आम्ही ती एकमेव बिर्याणी खाल्ली. चांगलीच होती. पण भाच्याने गावी न्यायला काय मागितलं असेल? देगलूरच्या बाईंच्या चार भाकऱ्या आणि गोंगुऱ्याची बरणी. बस याच महामार्गाने पुण्याला जाणार होती. सासूबाईंनी भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि म्हणाल्या, "सोलापूर यायच्या आत खा. पुढे तुझीच भाकरी सुरू होते."