फर्मवेअर बदलायचे, पण जुने जपून

कार्यालयातले नेटवर्क बंद पडले की पहिला फोन इंटरनेट कंपनीला जातो, दुसरा वायफाय बसवणाऱ्याला. कुलूपबंद खोलीतल्या रॅकमध्ये घरघरत बसलेला मोठा स्विच कुणाला आठवत नाही. पाच-सात वर्षे तो न थांबता चाललेला असतो आणि नेमक्या त्याच कारणाने त्याला हात लावायला कुणी धजावत नाही. ‘चालतंय ना, मग कशाला?’ हा युक्तिवाद बहुतेक आयटी विभागांत जिंकतो. तो कुठे चुकतो आणि हात लावायचाच तर कसा, ते या लेखात पाहू. उदाहरणासाठी मुख्यतः सिस्कोची कॅटलिस्ट ९४०० ही मालिका घेतली आहे. जिथे पद्धत वेगळी पडते तिथे एचपीच्या, म्हणजे आताच्या अरुबाच्या, ५४०० मालिकेकडेही वळू.

मॅनेजमेंट मॉड्यूल करते काय

टेबलावर मावणाऱ्या लहान स्विचमध्ये सगळे एकाच बोर्डावर असते. मोठ्या स्विचला मात्र चॅसिस, म्हणजे खाचांचा लोखंडी सांगाडा असतो. कॅटलिस्ट ९४०० मध्ये चार, सात आणि दहा खाचांचे सांगाडे मिळतात. त्यांतल्या दोन खाचा सुपरवायझर या मॅनेजमेंट मॉड्यूलसाठी राखीव असतात, बाकीच्यांत पोर्ट असलेली लाइन कार्डे बसतात. दहा खाचांच्या सांगाड्यात सुपरवायझरची जागा पाचव्या आणि सहाव्या खाचेत, अगदी मध्यावर.

या मालिकेत डेटा पुढे ढकलणाऱ्या चिपाही सुपरवायझरवरच आहेत. लाइन कार्डावरच्या दोन पोर्टांमधली वाहतूकसुद्धा त्याच्यामार्फत जाते. एचपीच्या ५४०० मध्ये या चिपा प्रत्येक इंटरफेस मॉड्यूलवर विखुरलेल्या आहेत. मॅनेजमेंट मॉड्यूल कॉन्फिगरेशन, रूटिंगची गणिते आणि सॉफ्टवेअर सांभाळते. म्हणून तिथे ते एकटे मॉड्यूल रीबूट केले तर पोर्ट चालू राहतील, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. एकच मॅनेजमेंट मॉड्यूल असेल तर दोन्हीकडे सगळा स्विच खाली बसतो.

‘फर्मवेअर’ म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एका दमात बोलतो. मुख्य ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज, तिला उठवणारा बूटलोडर (सिस्कोकडे त्याला रॉममॉन म्हणतात) आणि पोर्टांतून वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरचे छोटे सॉफ्टवेअर. इमेज बिघडली तर दुसरी टाकता येते. बूटलोडर लिहिला जात असताना वीज गेली, तर मॉड्यूल थेट दुरुस्तीला जाऊ शकते. नवी इमेज पहिल्यांदा उठताना काही वेळा बूटलोडरही आपणहून बदलते, आणि त्या वेळी स्विच नेहमीपेक्षा बराच वेळ गप्प राहतो. ‘अडकला वाटतं’ म्हणून वीज बंद-चालू करणारा माणूस नेमका याच वेळी घात करतो.

न बदलण्याची किंमत

२८ मार्च २०१८ रोजी सिस्कोने ‘स्मार्ट इन्स्टॉल’ या सोयीतली एक गंभीर त्रुटी जाहीर केली आणि दुरुस्त आवृत्तीही दिली. नवा स्विच दूरवरून आपोआप सजवता यावा म्हणून ही सोय ४७८६ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत बसते, आणि तीही विचारणाऱ्याची ओळख न तपासता. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात हल्लेखोरांनी याच सोयीचा गैरवापर करून इराण आणि रशियातल्या डेटा सेंटरांतले स्विच पुसून टाकले. कॉन्फिगरेशनच्या जागी अमेरिकेचा झेंडा आणि ‘आमच्या निवडणुकांत लुडबुड करू नका’ अशा अर्थाचा मजकूर ठेवला. इराणच्या दूरसंचार मंत्रालयाच्या सांगण्यानुसार त्या देशात ३,५०० आणि जगभरात दोन लाखांवर उपकरणांना झळ बसली.

गोष्ट तिथे संपली असती तर बरे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयला पुन्हा इशारा द्यावा लागला, की रशियन गुप्तचर यंत्रणेशी जोडलेले हॅकर २०१८ चे तेच भगदाड अजून वापरत आहेत. सात वर्षे दुरुस्ती फुकट उपलब्ध होती, आणि ‘नो व्हीस्टॅक’ ही एक ओळ टाकली तरी ती सोय बंद होत होती.

उलट प्रसंगही घडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्याच आयओएस एक्सई प्रणालीच्या वेब पानात दहापैकी दहा गुणांची त्रुटी सापडली. १६ तारखेला ती जाहीर झाली, पहिली दुरुस्त आवृत्ती २२ तारखेला आली. मधल्या दिवसांत अपग्रेड करायला काही नव्हतेच. ज्यांनी स्विचचे वेब पान मुळातच बंद ठेवले होते, ते निवांत होते. तेव्हा फर्मवेअर हा सुरक्षेचा एक भाग. जी सेवा लागत नाही ती बंद ठेवणे हा त्याहून स्वस्त भाग.

आपल्याकडे ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. जुन्या फर्मवेअरवरच्या, घड्याळ चुकलेल्या स्विचचे लॉग अशा वेळी कुणाच्या कामाचे?

कोणती आवृत्ती घ्यावी

सर्वांत नवी घेऊ नये, हे माझे मत. आयओएस एक्सईच्या १७ या पिढीत १७.३, १७.६, १७.९, १७.१२ अशी दर तिसरी आवृत्ती दीर्घ देखभालीची असते. तिला ३६ महिने आधार मिळतो, अधल्यामधल्यांना १२. कंपनीच्या डाउनलोड पानावर शिफारस केलेल्या आवृत्तीपुढे ताराही असतो. तारा पाहून थांबू नये. सोबतच्या टिपणात ‘अजून न सुटलेल्या त्रुटी’ असा एक कंटाळवाणा विभाग असतो, तो आपण वापरत असलेल्या सोयींपुरता तरी वाचावा. नव्या सोयींची यादी विक्री विभागासाठी असते. आपल्या कामाची यादी ही.

फाइलच्या नावातही माहिती असते. सिस्कोच्या नावात शेवटी ‘एसपीए’ ही अक्षरे दिसतात: इमेज डिजिटल सही केलेली आहे, ती प्रत्यक्ष वापरासाठीची आहे आणि सहीची किल्ली ‘ए’ आवृत्तीची आहे, असा त्यांचा अर्थ. एचपीकडे सुरुवातीची अक्षरे घराणे सांगतात. ‘के’ म्हणजे जुने ५४०० झेडएल व त्याची भावंडे, ‘केबी’ म्हणजे ५४०० आर आणि ३८१० एम. फार जुन्या आवृत्तीवरून थेट ताज्या आवृत्तीवर उडी घेता येतेच असे नाही. मध्ये एखाद्या टप्प्यावर थांबावे लागते आणि तो टप्पा त्याच टिपणात दिलेला असतो.

पूर्वतयारी

इमेज टाकणे आणि रीबूट करणे हे तासाभराचे काम. खरा वेळ त्याआधी जातो, आणि जायलाच हवा. कारण वर्षानुवर्षांत स्विचमध्ये साचलेले घोळ रीबूटनंतर एकदम वर येतात.

पहिला घोळ सेव्ह न केलेल्या कॉन्फिगचा. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत एक व्हीलॅन जोडले, चालले, सेव्ह करायचे राहिले. स्विच चालू आहे तोवर सगळे ठीक. रीबूट होताच तो विभाग गायब, आणि खापर नव्या फर्मवेअरवर. म्हणून चालू कॉन्फिग आणि साठवलेले कॉन्फिग यांची तुलना आधी करावी.

दुसरा घोळ याहून वाईट. पासवर्ड विसरला तर जुन्या कॅटलिस्टमध्ये कॉन्फिग-रजिस्टर ०x२१४२ करतात, म्हणजे स्विच उठताना साठवलेले कॉन्फिग वाचत नाही. काम झाल्यावर ते ०x२१०२ वर परत आणायचे असते. ते राहून गेले असेल तर पुढच्या रीबूटला स्विच कोऱ्या पाटीसारखा उठतो. कॅटलिस्ट ९४०० मध्ये हेच काम एक बूट व्हेरिएबल करते, तेही तपासावे.

तिसरी गोष्ट यंत्राच्या वयाची. मार्च २०१४ मध्ये सिस्कोने जाहीर केले की एका पुरवठादाराने २००५ ते २०१० या काळात बनवलेल्या मेमरी चिपा सदोष होत्या. गंमत अशी, की असे उपकरण चालू असेपर्यंत चालत राही आणि अपग्रेड किंवा वीज बंद-चालू झाल्यावर उठायला नकार देई. अपग्रेडने यंत्र मारले असे दिसले, तरी ते आतून आधीच गेलेले होते. जुन्या यंत्राला हात लावण्यापूर्वी पर्यायी मॉड्यूल किंवा चालू एएमसी हाताशी हवा, तो यासाठी.

कॉन्फिगची प्रत स्विचबाहेर काढून ठेवावी. फ्लॅशवर जागा आहे का पाहावे. कॅटलिस्ट ९००० कुटुंबाची इमेज साधारण एक जीबीची असते. एवढी फाइल जुन्या टीएफटीपीने पाठवणे हा छळ आहे. १९९२ च्या त्या प्रोटोकॉलमध्ये ५१२ बाइटचे तुकडे आणि सोळा बिटांचा क्रमांक, म्हणजे मूळ हिशेबाने सुमारे ३२ एमबीला गाडी थांबते. पुढे तुकड्याचा आकार वाढवायची सोय आली, तरीही एससीपी किंवा सरळ यूएसबी बरा. फाइल स्विचवर पोचल्यावर तिचा हॅश कंपनीच्या पानावरच्या हॅशशी ताडून घ्यावा. डाउनलोड करताना लॅपटॉपवर ताडला म्हणून हे टाळू नये. फाइल बहुधा पुढच्या प्रवासात तुटते.

कॉन्सोल केबल लावून, लॅपटॉप स्विचशेजारी ठेवून काम करावे. घरी बसून व्हीपीएनवरून कोअर स्विच अपग्रेड करणारे धाडसी लोक असतात, पण तो व्हीपीएन त्याच स्विचमधून येत असतो.

वेळ निवडताना फक्त संगणकांचा विचार पुरत नाही. स्विचच्या पोर्टांवरून वीज घेणारे सीसीटीव्ही, टेबलावरचे फोन, वायफायचे ॲक्सेस पॉइंट आणि काही ठिकाणी दाराची कुलपेही रीबूटमध्ये बंद पडतात. सुरक्षारक्षकाला आधी सांगितलेले बरे. बँकेत डे-एंड उरकल्याशिवाय आणि मार्चअखेर हे काम काढूच नये.

प्रत्यक्ष काम

कॅटलिस्ट ९४०० मध्ये तीन पायऱ्या आहेत. ‘इन्स्टॉल ॲड’ने इमेज उलगडून फ्लॅशवर बसते, हे कामाच्या वेळेतही करता येते, काही थांबत नाही. ‘ॲक्टिव्हेट’ने स्विच नव्या आवृत्तीवर रीबूट होतो. ‘कमिट’ने ती कायम होते. ॲक्टिव्हेट आणि कमिट यांच्यामध्ये एक घड्याळ चालू असते, मुळात १२० मिनिटांचे. तेवढ्यात कमिट केले नाही, तर स्विच आपणहून जुन्या आवृत्तीवर परत जातो. संपर्कच तुटला तरी दोन तासांनी जुना स्विच परत मिळतो.

तिन्ही पायऱ्या एका ओळीत उरकणारी कमांडही आहे आणि इंटरनेटवरच्या बहुतेक व्हिडिओंत तीच दिसते. तिच्यात हे घड्याळ लागत नाही. कोअर स्विचवर ती वापरू नये.

एचपीच्या ५४०० मध्ये फ्लॅशचे दोन कप्पे असतात, प्रायमरी आणि सेकंडरी. नवी इमेज सेकंडरीत टाकायची, तिच्यावरून बूट करायचे, चालली नाही तर प्रायमरीवरून परत उठायचे. पद्धत सुटसुटीत आहे, फक्त एक खड्डा आहे: कॉपी करताना कप्प्याचे नाव दिले नाही तर फाइल प्रायमरीत, चालू इमेजवरच जाऊन बसते.

दोन मॉड्यूल असतील तर

दोन सुपरवायझर असले की एक सक्रिय आणि दुसरे राखीव असते, आणि चालू स्थितीची माहिती राखीवाकडे सतत पोचत असते. इथे ‘इस्सू’ ही पद्धत मिळते. आधी राखीव मॉड्यूल नव्या आवृत्तीवर उठते, ते तयार झाले की सूत्रे त्याच्याकडे जातात, मग जुने सक्रिय मॉड्यूल नव्या आवृत्तीवर येते. वाहतूक जवळपास थांबत नाही.

कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात इस्सू ठरावीक आवृत्त्यांच्या जोड्यांमध्येच चालते आणि कंपनीच्या तक्त्यात आपली जोडी असावी लागते. माझा सल्ला असा, की इस्सू वापरावे, पण वेळ मात्र पूर्ण रीबूटची मागून घ्यावी. काही झाले नाही तर सगळे लवकर घरी जातील.

उठलाच नाही तर

कॉन्सोलवर रॉममॉनचा प्रॉम्प्ट दिसत असेल तर बूटलोडर जिवंत आहे. फ्लॅशवरची जुनी इमेज नावानिशी बूट करून पाहावी. तीही गेली असेल तर यूएसबीवरून. ही यूएसबी पूर्वतयारीतच भरून ठेवलेली हवी. प्रॉम्प्टही येत नसेल तर पुरवठादाराला फोन.

दुसऱ्या दिवशी

रीबूटपूर्वी चालू पोर्ट, शेजारी उपकरणे, मॅक पत्ते आणि रूट यांच्या याद्या फाइलमध्ये काढल्या असतील तर आता त्या ताडून पाहता येतात; नुसते ‘इंटरनेट चालतंय’ पुरत नाही. लॉगच्या वेळा बरोबर पडताहेत का पाहावे. काही नव्या आवृत्त्या जुने एसएसएच अल्गोरिदम मूळ यादीतून काढतात, त्यामुळे एखाद्याचे जुने पुट्टी जोडलेच जात नाही. तिथे स्विच सैल करण्याऐवजी पुट्टी नवे घ्यावे.

जुनी इमेज लगेच पुसू नये. महिनाअखेरची कामे एकदा पार पडू द्यावीत. मात्र नव्या आवृत्तीत लिहिलेल्या कॉन्फिगच्या काही ओळी जुनीला कळत नाहीत, म्हणून परत जायचे झाले तर इमेजसोबत त्या वेळचे कॉन्फिगही हवे.

आणि कपाटात ठेवलेले जादा सुपरवायझर मॉड्यूल. त्यावर अजून जुनीच आवृत्ती आहे. आवृत्ती जुळली नाही तर ते चालू मॉड्यूलशेजारी बसवूनही तत्पर राखीव म्हणून उभे राहत नाही, म्हणून त्याच आठवड्यात तेही खाचेत बसवून नवे करावे आणि खोक्यावर आवृत्ती व तारीख लिहून ठेवावी.