रमीचे गुण कसे मोजायचे?

खडवलीहून आम्ही बोलतोय. गौरी-गणपतीचं जागरण म्हटलं की आपल्याकडे भजन, फुगड्या आणि मध्यरात्र उलटली की पत्ते आलेच. कसारा गाडीत तर रोज डाव रंगतात. रमी आपल्याला थोडीफार येते, पण गुण मांडायची वेळ आली की वही एकीच्याच हातात असते. बाकीच्या विचारतात, "माझे किती झाले गं?" म्हणून आज हिशेबच समजून घेऊ. तो कळला की खेळ सुधारतो, आणि पैसे कुठे जातात तेही दिसतं.

आधी खेळ. दोन कॅट एकत्र पिसायचे, त्यांतले दोन जोकर ठेवायचे. प्रत्येकीला १३ पानं वाटायची. एक पान उघडायचं. त्या आकड्याची सगळी पानं त्या डावापुरती जोकर. आपली पाळी आली की एक पान उचलायचं, एक टाकायचं. तेरा पानांच्या जुळण्या करायच्या. एकाच रंगाची ओळीची पानं, जशी बदामाची चार-पाच-सहा, म्हणजे सिक्वेन्स. वेगवेगळ्या रंगांची एकाच आकड्याची तीन किंवा चार पानं म्हणजे सेट. कमीत कमी दोन सिक्वेन्स हवेत, आणि त्यांतला एक जोकर न वापरता, म्हणजे प्युअर.

आता गुण. रमीत गुण म्हणजे दंड. जिची रमी लागली तिला शून्य. बाकीच्यांच्या हातातली न जुळलेली पानं मोजायची. एक्का, राजा, राणी, गुलाम यांचे प्रत्येकी १०. बाकीच्या पानांचे त्यांच्या आकड्याइतके. जोकरला शून्य. प्युअर झाला नसेल तर तेराही पानं मोजायची, पण दंड ८० च्या वर जात नाही. सुरुवातीलाच पानं ठेवून दिली तर २०, मधेच सोडलं तर ४०. चुकीचा शो केला तर पूर्ण ८०. गावोगावी यात थोडा फरक असतो, म्हणून बसण्याआधी बोलून घ्यावं.

एक उदाहरण बघा. हातात दोन राजे, राणी, गुलाम, एक्का. शिवाय नऊ, आठ, सात, पाच, चार, तीन आणि दोन दुऱ्या. मोठ्या पानांचे ५०, बाकीच्यांचे ४०, असे ९० झाले. प्युअर नाही, म्हणून दंड ८०. पण त्यातले गुलाम, राणी आणि एक राजा बदामाचेच असतील, तर तो प्युअर झाला. त्याचे ३० गेले, दंड ६० वर आला. म्हणून जाणत्या बायका म्हणतात, आधी प्युअर लावा आणि मोठी पानं फार वेळ धरून बसू नका.

दंड कोणी भरायचा, यावरही खेळ बदलतो. चीनमधला माहजोंग हा रमीसारखाच खेळ. पत्त्यांऐवजी छोटे ठोकळे. प्रत्येकाकडे तेरा ठोकळे, एक उचलायचा, एक टाकायचा. शंभरेक वर्षांपूर्वी तो जपानात पसरला. तिथल्या जुन्या पद्धतीत एक जण जिंकला की बाकी तिघंही भरत. पुढे नियम आला, की ज्याच्या टाकलेल्या ठोकळ्यावर दुसरा जिंकला, त्यानं एकट्यानं भरायचं. मग लोक प्रत्येक ठोकळा जपून टाकू लागले. ठोकळे तेच, हिशेब बदलला.

आपल्याकडे हिशेब बदलतो तो गुणाला पैसे लावले की. चिंचोके लावून खेळलो तर सगळे चिंचोके घोळक्यातच फिरतात. "गुणाला दोन रुपये" ठरलं, की एका डावात १६० रुपयांपर्यंत जातात. दर वेळी पहिल्यांदाच पानं ठेवली, तरी डावामागे ४० जातात. दहा डावांत ४००. म्हणजे न खेळणाऱ्याचाही खिसा रिकामा होतो. मोबाइलवर पैसे लावून खेळताना आणखी एक वाटेकरी येतो. दर डावात जिंकलेल्या रकमेतून कंपनी आपला हिस्सा कापते. त्यामुळे आज कोणी जिंकलं तरी सगळ्या खेळणाऱ्यांचे मिळून पैसे कमीच होत जातात. "आज हरलो, उद्या वसूल करतो" हा हिशेब म्हणूनच जुळत नाही.

कायदा काय म्हणतो? १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. पण तिच्या आडून जुगार चालत असेल किंवा जागेचा मालक त्यावर कमाई करत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. कौशल्याचा खेळ असला तरी सूट नाही. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. म्हणून घरातलं कोणी अडकलं असेल तर भीतीपोटी लपवू नका.

बचत गटातून हप्ता उचलताना "कशासाठी?" हे एकमेकींना मोकळेपणानं विचारा. फोनवरून फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर तक्रार करा. खेळ सुटतच नसेल, झोप उडाली असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा. मराठीतून बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

आणि जागरणाला रमी जरूर खेळा. चिंचोके मोजून घ्या, आणि या वेळी गुणांची वही आळीपाळीनं प्रत्येकीच्या हातात द्या.